जुन्या गाडीच्या पत्राकामासाठी परवडणारा अँगल ग्राइंडर कोणता घ्यावा?

ऐरोलीकर

नमस्कार. वडिलांनी २००८ साली घेतलेली, पेट्रोलवर चालणारी एक छोटी हॅचबॅक आमच्या ऐरोलीच्या रो-हाऊससमोर उभी असते. पंधरा वर्षे झाल्यावर तिच्या नोंदणीचे रीतसर नूतनीकरण करून घेतले आणि पर्यावरण करही भरला. इंजिनाची काहीही तक्रार नाही. पत्रा मात्र खाडीच्या हवेने आणि इतक्या पावसाळ्यांनी खाल्ला आहे. मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींवर रंगाखाली फोड आले आहेत. डाव्या बाजूचा एक फोड मी पेचकसाच्या टोकाने हलकेच उचकला, तेव्हा नखाएवढी खपली निघाली आणि आतून चहाच्या चोथ्यासारखा तांबूस भुगा हातावर पडला. पुढच्या उजव्या दाराच्या खालच्या कडेलाही असाच गंज आहे.

गाडी वर्कशॉपमध्ये देऊन पाहिली. तिथे गंजावरच पुट्टी भरून रंग मारून दिला आणि एका पावसाळ्यात सगळे पुन्हा वर आले. त्यामुळे आता गंज मुळापासून काढण्याचे काम स्वतः करायचे, वेल्डिंग तेवढे जाणत्या माणसाकडून करून घ्यायचे आणि पुट्टी हातानेच घासायची, असे ठरवले आहे. मला ग्राइंडर हवा आहे तो रंग आणि गंज काढण्यासाठी, सडलेला भाग कापण्यासाठी आणि वेल्डिंगचे टाके सपाट करण्यासाठी.

माझे अंदाजपत्रक साडेतीन हजार रुपयांचे आहे. ठाण्यात एका दुकानदाराने १२५ मि.मी.चा १४०० वॅटचा ग्राइंडर पुढे केला आणि "घ्यायचाच तर जोरदार घ्या" असा सल्ला दिला. दुसऱ्याने साधा चार इंची, ६७० वॅटचा, दोन हजार तीनशेला सांगितला. त्याच आकाराचा पण वेग कमी-जास्त करता येणारा ९०० वॅटचा ग्राइंडर तिथेच चार हजार सहाशेला आहे. ड्रिल मशीन मी अनेक वर्षे वापरले आहे, पण ग्राइंडर एकदाही हातात धरलेला नाही. आकार किती घ्यावा, वॅट किती लागतात, वेगनियंत्रणासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ आहे का आणि डिस्क कोणत्या घ्याव्यात, हे ज्यांनी गाडीचा पत्रा प्रत्यक्ष घासला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

घणसोली_२१

आकाराच्या बाबतीत निःशंकपणे १०० मि.मी., म्हणजे आपण ज्याला चार इंची म्हणतो तोच घ्यावा. आपल्याकडे वेल्डर, ग्रिलवाले आणि फॅब्रिकेशनवाले तोच वापरतात, त्यामुळे १६ मि.मी. भोकाच्या डिस्क कोणत्याही नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. १२५ मि.मी.च्या डिस्कचे भोक २२.२३ मि.मी.चे असते, त्यात निवड कमी मिळते आणि प्रत्येक डिस्कमागे पैसेही जास्त जातात. शिवाय चार इंची ग्राइंडर पावणेदोन-दोन किलोच्या आसपास असतो. चाकाच्या कमानीखाली हात वाकवून दहा मिनिटे काम केले की अर्ध्या किलोचा फरकही मनगटाला कळतो.

एक बारीक गोष्ट दुकानातच तपासून घ्यावी. चार इंची ग्राइंडरच्या स्पिंडलचा, म्हणजे डिस्क बसते त्या दांड्याचा, आटा साधारणपणे एम-१० असतो आणि पाच इंचीचा एम-१४. वायर कप (तारांचा वाटीसारखा ब्रश) किंवा बॅकिंग पॅड (डिस्कमागची आधाराची चकती) घेताना हा आटा जुळला पाहिजे. मी घाईत एम-१४ चा वायर कप घरी आणला होता आणि तो परत करायला पुन्हा तुर्भ्यापर्यंत जावे लागले.

पत्राकाम_नौपाडा

मी एकोणीस वर्षे डेंटिंगचे काम केले, त्यातली बरीचशी वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये. आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आपण गंजावर पुट्टी भरण्याचा मार्ग सोडून दिला आहे. आता ग्राइंडरबद्दल सविस्तर लिहितो.

गाडीच्या बाहेरच्या पॅनेलचा पत्रा साधारण ०.७ मि.मी. जाडीचा असतो. काही ठिकाणी त्याहूनही पातळ. ग्रिलच्या लोखंडी पट्टीवर ग्राइंडर टेकवून ठेवला तर पट्टी गरम होते आणि विषय संपतो. गाडीच्या पत्र्यावर तोच ग्राइंडर चार-पाच सेकंद एका जागी थांबला, तर पत्रा आधी निळा पडतो आणि मग ताणला जातो. ताणलेला पत्रा थंड झाल्यावर पूर्वीच्या मापात परत येत नाही. मग बोटाने दाबल्यावर तो डब्याच्या झाकणासारखा टक्‌ करून आत जातो आणि टक्‌ करून बाहेर येतो. असा पत्रा पुन्हा बसवणे हे नवशिक्याचे काम नाही. म्हणून आपल्या कामात ग्राइंडरचा जोर ही गुणवत्ता नसून त्याच्यावरचा ताबा ही गुणवत्ता आहे. १४०० वॅटचा ग्राइंडर दुकानदाराने चांगल्या मनाने सुचवला असेल, पण तो जाड अँगल आणि चॅनेल घासणाऱ्यासाठी आहे.

वेगाचा हिशेब समजावून सांगतो, म्हणजे निर्णय आपला आपल्याला घेता येईल. साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. १०० मि.मी.च्या डिस्कची कड त्या वेगाने सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर जाते, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. १२५ मि.मी.ची डिस्क तेवढ्याच फेऱ्यांना सेकंदाला ७२ मीटर जाते. आता वेग ५,००० फेऱ्यांवर आणला, तर चार इंची डिस्कची कड सेकंदाला २६ मीटरवर येते. रंग काढायला तेवढी गती पुरते आणि उष्णता मात्र खूपच कमी होते. जास्त वेगात रंग सुटण्याऐवजी वितळतो, डिस्कच्या छिद्रांत डांबरासारखा चिकटून बसतो आणि मग डिस्क कापत नाही, नुसती घासत राहून पत्रा तापवते. त्यामुळे वेगनियंत्रणाचे पैसे वाया जात नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही वेगनियंत्रण नसलेल्या ग्राइंडरने काम होत नाही असे नाही. आम्ही कित्येक वर्षे तसेच केले. पण मग डिस्कची निवड अचूक लागते. रंग आणि वरवरचा गंज काढण्यासाठी स्ट्रिपिंग डिस्क घ्या. ती काळ्या, निळ्या किंवा जांभळ्या रंगाची, जाड जाळीदार स्पंजसारखी दिसते. ती रंग, जुनी पुट्टी आणि गंज काढते, पण पत्रा जवळजवळ खात नाही. नवशिक्याच्या हातात हीच सर्वांत सुरक्षित. तिची कड पत्र्याच्या धारेवर आपटली की तुकडे उडतात आणि ती लवकर संपते, एवढाच तिचा दोष आहे. म्हणून दोन-तीन घेऊन ठेवा.

टाके सपाट करण्यासाठी झिर्कोनियाची फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवलेली) घ्यावी, ६० किंवा ८० नंबरची. नंबर जितका लहान तितकी डिस्क खरखरीत. ४० नंबर गाडीवर आणूच नका. टाका घासताना नजर फक्त टाक्याच्या माथ्यावर असावी, शेजारच्या पत्र्याला डिस्क लागता कामा नये आणि शेवटचा केसभर उंचवटा तसाच सोडावा. तो पुट्टीखाली झाकला जातो. पण टाक्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा घासून कागदासारखा झाला, तर पुढच्या वर्षी तिथेच चीर पडते. जाड, कडक ग्राइंडिंग व्हील या कामात मी वापरत नाही.

वायर कपबद्दल लोकांचा गैरसमज असतो. तो फिरवल्यावर गंजलेला भाग छान काळसर चकाकतो, म्हणून गंज गेला असे वाटते. प्रत्यक्षात तारांनी गंजाला पॉलिश केलेले असते आणि खळग्यांतला गंज तसाच राहतो. चासीखालचा मातकट थर आणि जुने अंडरकोटिंग सोडवायला वायर कप ठीक आहे, पण त्यातून सुटलेली तार सुईसारखी येऊन कपड्यातून आत रुतते. तो वापरताना चेहऱ्यावर पूर्ण शील्ड असलीच पाहिजे.

कापण्यासाठी १०५ मि.मी. व्यासाची आणि १ मि.मी. जाडीची कटिंग डिस्क मिळते. ती सरळच चालवायची. तिने बाजूने घासणे हा जिवाशी खेळ आहे. मी कामाला लागलो त्या दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारच्या मुलाने कटिंग डिस्कच्या बाजूने टाका घासायला घेतला, तोही गार्ड काढलेल्या ग्राइंडरवर. डिस्क फुटली आणि तिचा चतकोर तुकडा मागच्या सिमेंटच्या पत्र्यात अर्धा घुसून बसलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. तो मुलगा डोके खाली घालून काम करत होता म्हणून वाचला. तेव्हापासून गार्ड नसलेल्या ग्राइंडरला मी हात लावलेला नाही. कटिंग आणि ग्राइंडिंग डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते, तेही पाहून घ्या. या डिस्क राळेने बांधलेल्या असतात आणि त्यांचे आयुष्य उत्पादनापासून तीन वर्षे धरतात. आपल्या दमट हवेत उघड्यावर पडलेली जुनी डिस्क फुकट मिळाली तरी लावू नये.

आता हाताची पद्धत. फ्लॅप डिस्क पत्र्याला अगदी सपाट किंवा अगदी उभी न लावता दहा-पंधरा अंशांनी टेकवावी, ग्राइंडरचे वजन तेवढेच पुरे, वरून दाब देऊ नये आणि हात सतत सरकता ठेवावा. दर काही सेकंदांनी थांबून दुसऱ्या हाताने पत्र्याला स्पर्श करून पाहा. तळहात ठेवता येत नसेल तर दुसऱ्या कमानीकडे जा आणि पहिली आपोआप थंड होऊ द्या. ओले फडके मारून थंड करू नका, त्याने तापलेला पत्रा एकदम आक्रसतो आणि सुरकुततो. पत्र्याच्या कडेपाशी आलात की डिस्क कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरत आहे ना, हे ग्राइंडरच्या डोक्यावरच्या बाणावरून पाहून घ्या. उलट्या दिशेने कड डिस्कमध्ये अडकली, तर ग्राइंडर हातातून उसळतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाकाच्या मागच्या कमानीमागे काय आहे ते आधी पाहा. पेट्रोल भरण्याचे तोंड ज्या बाजूला असेल, त्या बाजूच्या कमानीमागून टाकीकडे जाणारी नळी जाते. आतले प्लॅस्टिक, गालिचा आणि आवाज दाबणारा डांबरी थर काढल्याशिवाय बाहेरून घासायला सुरुवात करू नका, कारण पत्र्याच्या मागची बाजू पेट घेते आणि बाहेर उभ्या माणसाला ते उशिरा कळते. आपली गाडी फक्त पेट्रोलवर आहे हे बरे. मागे सीएनजीची टाकी असती, तर मी हे काम घरी करूच नका असे सांगितले असते.

रबाळे_देखभाल

पत्राकामाबद्दल वर लिहिले आहे त्यात मी काही भर घालू शकत नाही. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात विद्युत देखभाल पाहतो, म्हणून यंत्राच्या आणि विजेच्या बाजूने लिहितो.

६७० वॅटचा ग्राइंडर २३० व्होल्टवर साधारण तीन अँपिअर घेतो आणि ९०० वॅटचा चार अँपिअरच्या आत. हे दोन्ही घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतात. १४०० वॅटचा मात्र सहाच्या वर जातो, त्याला १६ अँपिअरचे सॉकेट हवे. ओट्यापर्यंत एक्स्टेन्शन ओढणार असाल, तर आतली वायर निदान १.५ चौरस मि.मी.ची असावी आणि ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते आणि तिचे वेष्टन मऊ होऊन चिकटते.

ग्राइंडरला दोनच पिनांचा प्लग पाहून पुष्कळ लोक अर्थिंग नाही म्हणून घाबरतात. यंत्रावरच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्याला दुहेरी विद्युतरोधन आहे आणि अर्थिंगची वायर लागत नाही. पण धातूची धूळ मोटरमध्ये ओढली जाते आणि ती धूळ वीज वाहते, म्हणून घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे मी आवश्यक मानतो. काम संपल्यावर ग्राइंडर मोकळा अर्धा मिनिट चालवून झरोक्यांतून हवा मारावी. आमच्याकडे जळून आलेल्या आर्मेचरपैकी (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) बऱ्याच आर्मेचरच्या पोटात काळ्या भुग्याचा थर असतो.

खरेदी करताना मी कंपनीच्या नावापेक्षा तिचे सुटे भाग आपल्या परिसरात मिळतात की नाही, हे आधी विचारतो. बॉश, मकिता, डिवॉल्ट, हायकोकी यांचे कार्बन (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे ब्रश), स्विच आणि आर्मेचर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आसपास आणि मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारे अनोळखी नावाचे ग्राइंडर दोन-तीन महिने चालतातही, पण कार्बन झिजल्यावर त्याच मापाचा कार्बन मिळत नाही आणि मग घासून बसवलेला कार्बन कम्युटेटर, म्हणजे तो ज्यावर टेकतो तो आर्मेचरचा तांब्याचा भाग, खातो. दुकानात ग्राइंडर डिस्कशिवाय चालवून दाखवायला सांगा. आवाज एकसारखा असावा, बंद केल्यावर तो खरखर न करता थांबावा आणि प्लग काढून स्पिंडल चिमटीत धरून हलवला तर त्यात ढिलाई जाणवू नये. गार्ड, बाजूचे हँडल, फ्लँज (डिस्क घट्ट धरणाऱ्या चकत्या) आणि पाना खोक्यात आहेत का, ते तिथेच मोजा. बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय वॉरंटीचे काम अडते.

स्विचकडेही लक्ष द्या. सरकवून अडकवायचा स्विच सोयीचा वाटतो, पण मध्येच वीज गेली आणि आपण ग्राइंडर तसाच खाली ठेवला, तर वीज आल्यावर तो जमिनीवर आपोआप सुरू होतो. काही मॉडेलांत वीज परत आल्यावर यंत्र सुरू होऊ न देणारी सोय असते. ती नसेल, तर वीज जाताच आधी स्विच मागे घेण्याची सवय लावावी लागते. हात सोडताच बंद होणारा पॅडल स्विच नव्या माणसासाठी जास्त चांगला.

ऐरोलीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. १०० मि.मी. हे पक्के झाले. अडचण उरली ती पैशांची. साधा ग्राइंडर दोन हजार तीनशेला मिळतो आणि वेगनियंत्रणाचा चार हजार सहाशेला. माझ्या मेव्हण्यांनी सुचवले की साधा ग्राइंडर घेऊन त्याला बाहेरून डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर लावावा, म्हणजे पाचशे रुपयांत काम होईल. असे करता येते का? आणि गॉगल, मास्क यांसाठी किती बाजूला ठेवावेत?

रबाळे_देखभाल

पंख्याचा रेग्युलेटर तर अजिबात लावू नका. तो शंभरेक वॅटच्या भारासाठी बनवलेला असतो, त्यातून ६७० वॅट नेले तर तो जळेल. दोन हजार वॅटचा ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक) डिमर बाजारात मिळतो आणि ग्राइंडरची मोटर कार्बनची असल्याने तिचा वेग त्यावर कमी होतो हेही खरे. पण त्यात दोन गोष्टी बिघडतात. मोटरला थंड करणारा पंखा त्याच आर्मेचरच्या दांड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे वेग निम्मा केला की थंड हवाही कमी होते आणि भार तेवढाच राहिला तर वेटोळे तापते. दुसरे म्हणजे नुसत्या डिमरवर वेग धरून ठेवण्याची सोय नसते. डिस्क पत्र्याला टेकली की ती दबते, म्हणून आपण डिमर वाढवतो आणि डिस्क उचलली की ती एकदम सुसाट सुटते. नव्या हातासाठी ही परिस्थिती धोक्याची आहे. चांगल्या वेगनियंत्रित ग्राइंडरमध्ये भार येताच वेग सावरणारे सर्किट असते आणि आपण पैसे मोजतो ते त्याचे.

पत्राकाम_नौपाडा

मी सहमत आहे. आपल्या जागी मी असतो, तर रंगाचा खर्च दोन महिने पुढे ढकलून वेगनियंत्रणाचा ग्राइंडर घेतला असता, कारण आपल्याला दोन कमानी आणि एक दार करायचे आहे आणि पुढेही या गाडीचे काम निघत राहणार आहे. पैसे खरोखरच नसतील, तर साधा ग्राइंडर, तीन स्ट्रिपिंग डिस्क आणि भरपूर सबुरी, एवढ्यावरही काम नीट होते. तसे असेल तर गंजाचे शेवटचे ठिपके ग्राइंडरने न काढता ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हातानेच काढा.

सुरक्षेच्या वस्तूंवर मात्र हात आखडू नका. बाजूंनी बंद असलेला गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, असे दोन्ही हवे. नुसत्या चष्म्याच्या कडेखालून किटाळ आत शिरते. जुन्या रंगाची आणि प्रायमरची धूळ छातीत जाऊ नये म्हणून एन-९५ मास्क, कानांत बोळे, घट्ट बसणारे चामड्याचे हातमोजे आणि सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. ओढणी, मफलर, गळ्यातला गोफ, सैल बाही, यांपैकी काहीही जवळ नको.

मीनाक्षी_कोपरखैरणे

मी गेल्या वर्षी आमच्या जुन्या व्हॅनची दारे आणि मागचे झाकण घरीच केले, म्हणून शेजाऱ्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी लिहिते. आपले रो-हाऊस आहे, म्हणजे शेजारच्या ओट्यावर कोणाची तरी गाडी उभी असणार. ठिणग्या थंड दिसल्या तरी त्या वितळलेल्या लोखंडाचे कण असतात. काचेवर पडल्या की तिथेच रुततात आणि रंगावर पडल्या की दोन दिवसांनी पहिल्या दवाबरोबर तांबडे ठिपके उमटतात. हे मला आमच्याच व्हॅनच्या पुढच्या काचेवर नख फिरवल्यावर कळले. काच पुसून स्वच्छ दिसत होती, पण नखाला बारीक खडे लागत होते आणि ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. तेव्हापासून मी काचा आणि शेजारचे पॅनेल ओल्या गोणपाटाने झाकते आणि ठिणग्यांची दिशा भिंतीकडे ठेवते. ठिणग्या जिथे पडतात, तिथे पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले ठेवते. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलत नाही, कारण गालिच्याच्या धाग्यात किंवा चिंधीत धुमसणारी ठिणगी उशिरा धूर सोडते.

आवाजाचेही आधीच सांगून ठेवावे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ग्राइंडर जवळून नव्वदच्या आसपास किंवा वर जातो. मी दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन दिवस आणि वेळ सांगितली, दुपारी एक ते चार टाळले आणि सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ यंत्र चालवले नाही. शेजारच्या आजींनी फक्त त्यांच्या झोपेची वेळ विचारात घ्यायला सांगितली आणि कोणीही हरकत घेतली नाही. तुमच्या ओळखीचे कोणी सोसायटीच्या तळघरात हे काम करायचा विचार करत असतील, तर त्यांना मात्र करू नका असे सांगा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती यांत्रिक पार्किंगच्या खड्ड्यांत साठून राहते आणि तिथे एक ठिणगीही पुरते.

आणखी एक, आपल्या हवेबद्दल. पावसाळ्यात किंवा त्याच्या तोंडावर पत्रा उघडा करू नका. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी एक दार घासून पांढरेशुभ्र केले आणि सकाळी पाहिले, तर त्यावर हळदीच्या बोटांसारखी पिवळी-तांबूस झाक आली होती. सगळे पुन्हा घासावे लागले. जेवढा भाग त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडा करावा. पुट्टी त्या प्रायमरवर भरावी, कारण पुट्टी स्वतः ओल शोषते.

ऐरोलीकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. आपल्या सल्ल्याप्रमाणे वेगनियंत्रणाचा १०० मि.मी.चा ग्राइंडर घेतला, घासाघीस करून चार हजार चारशेला. डिस्क आणि सुरक्षेची साधने धरून खर्च सहा हजारांच्या थोडा आत राहिला आणि रंगाचे काम दिवाळीनंतर ढकलले. दुकानात तो चालवून पाहायचा आग्रह धरला, तेव्हा पहिल्या खोक्यातल्या ग्राइंडरच्या बेअरिंगमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. दुकानदारांनी काही न बोलता दुसरा उघडून दिला.

पहिला दिवस मी भंगारातून आणलेल्या एका जुन्या बॉनेटवर घालवला. त्यावर मुद्दाम वेगाचे चक्र पूर्ण फिरवून फ्लॅप डिस्क एका जागी धरून पाहिली. पत्रा खरोखरच पाच सेकंदांत आधी गवती पिवळा आणि मग निळा पडला आणि दाबल्यावर टक्‌ करून आत गेला. तो आवाज ऐकल्यानंतर गाडीवर दाब द्यायची इच्छाच राहिली नाही. उजव्या कमानीचे आतले प्लॅस्टिक काढल्यावर पेट्रोलची नळी पत्र्यापासून चार बोटांवर दिसली. तिकडची कमान मी तशीच ठेवली आहे. नळी सोडवून घेतल्याशिवाय तिला हात लावणार नाही.

डावी कमान मात्र पूर्ण झाली. वेगाचे चक्र दुसऱ्या-तिसऱ्या खुणेवर ठेवून स्ट्रिपिंग डिस्क फिरवली. वरचा रुपेरी रंग, त्याखाली वर्कशॉपने भरलेली करडी पुट्टी, तिच्याखाली तसाच ठेवलेला गंज आणि शेवटी चकचकीत पत्रा, असे थर झाडाच्या वलयांसारखे दिसले. बाहेरून रुपयाच्या नाण्याएवढा वाटणारा फोड आतून माझ्या तळहाताएवढा निघाला आणि त्याच्या मधोमध तीन भोके होती, ज्यातून टायर दिसत होता. तेवढा तुकडा १ मि.मी.च्या डिस्कने कापून काढला, वेल्डरनी नवा पत्रा टाके देऊन बसवला आणि टाक्यांचे माथे मी ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने काढले. संध्याकाळी पाचच्या आत प्रायमर मारून झाला.

आता एक प्रश्न उरला आहे. दाराच्या खालच्या कडेला आतला आणि बाहेरचा पत्रा दुमडून एकमेकांवर बसवलेला आहे आणि गंज त्या दुमडीच्या आतून येतो आहे. दुमडीची धार ग्राइंडरने घासून पत्रे वेगळे करावेत, की बाहेरची पूर्ण पट्टी कापून नवी बसवावी?

पत्राकाम_नौपाडा

नळीची कमान थांबवलीत हे फार चांगले केलेत. दाराच्या दुमडीबद्दल सांगायचे, तर आधी पेचकसाने दुमडीच्या आतल्या बाजूला एकेक इंचावर टोचून पाहा. टोक कुठेच आत जात नसेल, तर दुमड उघडू नका. स्ट्रिपिंग डिस्कने कड साफ करा, गंजरोधक द्रव आत मुरू द्या, नंतर पाण्याने पुसून पूर्ण वाळवा, प्रायमर मारा आणि शेवटी दुमडीवर फट बुजवणारा सीलर ओढा. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली छोटी भोके तेवढी बुजवू नका, बहुतेक वेळा ती चिखलाने बंद झाल्यामुळेच हा गंज सुरू झालेला असतो. टोक आत जात असेल, तर ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने, सर्वांत कमी वेगावर, दुमडीची बाहेरची धार फक्त रेघ दिसेपर्यंत घासा. रेघ दिसली की थांबा, पातळ पटाशीने पत्रे वेगळे होतील. बाहेरची पट्टी किती उंचीपर्यंत बदलायची, ते पत्रे उघडल्यावरच ठरेल. त्याचा फोटो टाका, मी पाहून सांगतो.